मेलेल्याचा ईसीजी निघत नाही

डॉक्टर मालती धानके यांच्याशी माझी ओळख भांडणातून झाली. भांडण माझ्याशी नव्हतं, मी नुसता मध्ये उभा होतो. मी, पष्टे, तेव्हा मुरबाडच्या पोलीस ठाण्यात हवालदार. कुणी अचानक मेलं की पंचनामा करायचा, प्रेत पोस्टमार्टमला न्यायचं आणि अहवाल घेऊन यायचा, हे काम माझ्याकडे होतं. ठाण्यातलं जे काम कुणालाच नको असतं ते साहेबाशी ज्याचं पटत नाही त्याच्या गळ्यात पडतं, तसं ते माझ्या गळ्यात पडलं होतं.

त्या दिवशी सरकारी दवाखान्यातल्या एका तरुण डॉक्टरने अहवाल लिहून माझ्या हातात दिला. मृत्यूचं कारण, हृदयक्रिया बंद पडणे. मी कागद घडी करून खिशात घालणार तोच मागून एका बाईंनी तो काढून घेतला. बुटक्या, अंगाने दणकट, केसांचा घट्ट अंबाडा, साडीवर पांढरा कोट आणि पायात बाजारात शेतकरी घेतात तसले रबरी गमबूट. कागद वाचून बाई त्या तरुण डॉक्टरला म्हणाल्या, "हृदय बंद पडून मेला. बरं. आणि हृदय चालू राहून कोण मरतं, तेवढं मला सांगा."

डॉक्टर बिचारा लाल झाला. "मॅडम, सगळे असंच लिहितात."

"सगळे लिहितात म्हणून तर कुणाला काय कळत नाय. मेला म्हणून मेला, हे सांगायला त्याची आई पुरेशी हाय. हृदय का बंद पडलं, ते सांगायचा तुमाला पगार हाय."

त्यांनी कागद फाडला नाही. त्याला परत दिला आणि दार उघडून आत पाठवलं. मी बाहेर तिष्ठत बसलो. माझं जेवण बुडालं, तरी मनातून मला ही बाई आवडली.

बाई मूळच्या शहापूर तालुक्यातल्या, आटगावच्या आतल्या एका खेड्यातल्या. घरी भातशेती. मुंबईला शिकल्या आणि शिकताना जो विषय बायका सहसा घेत नाहीत तोच घेतला, मेलेल्यांचा. मोठ्या शहरात राहिल्या असत्या तर कुठल्यातरी कॉलेजात खुर्चीवर बसून शिकवलं असतं. त्या शहापूरला आल्या आणि आमच्या मुरबाडलाही अवघड केस असली की येऊ लागल्या. साहेबांशी त्या पुस्तकी मराठी बोलत आणि आमच्याशी घरची. चिडल्या की मात्र साहेबांच्या वाट्यालाही घरचीच यायची.

त्यांची एक पद्धत होती, ती मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. पोस्टमार्टमच्या खोलीबाहेर करंजाचं झाड आहे. त्याखाली त्यांनी दवाखान्यातला एक जुना बाक आणून टाकायला लावला. मेलेला माणूस तरुण असला की आधी त्या बाकावर त्याच्या आईला नाहीतर बायकोला बसवायच्या, स्वतः शेजारी बसायच्या, आणि विचारायला लागायच्या. याला कधी चक्कर आली होती का? धावताना छातीत दुखायचं का? लहानपणी फिट यायच्या का? घरात असं तरणंताठं आणखी कोण गेलंय? आईच्या माहेरचं? बापाच्या भावकीतलं? आत प्रेत ठेवलेलं, बाहेर नातेवाईक घाई करताहेत, गावाकडे सरण रचून तयार आहे, आणि बाई चुलत्यांची नि मावश्यांची मुळं खणत बसलेल्या. "आधी ऐकायचं, मग कापायचं," असं त्या म्हणत. लोक वैतागत. एकदा एका मामाने सरळ विचारलं, "आता विचारून त्याला काय फायदा?"

"त्याला नाय. तुमाला."

मामाला ते कळलं नाही. मलाही तेव्हा कळलं नव्हतं.

वीटभट्टीवरच्या एका कातकरी पोरीची गोष्ट सांगतो. सुगंधा तिचं नाव. विटा वाहता वाहता बसली ती उठलीच नाही. भट्टीवाल्याने सांगितलं, दारू पिऊन पडली. आमच्या इन्स्पेक्टर साहेबांनाही ते पटलं, कारण कातकरी मेला की दारूने मेला, हे साहेबांच्या डोक्यात वर्दी घालण्याआधीपासून बसलेलं होतं. बाईंनी सुगंधाच्या आईला बाकावर बसवलं. आई आधी बसेचना, ती जमिनीवर बसायला लागली. बाईंनी हाताला धरून तिला वर घेतलं. मग कळलं, पोरीला वर्षभर दम लागत होता, रात्री उठून बसायची, पाय सुजायचे. आतून बाहेर आल्यावर बाई साहेबांच्या समोर उभ्या राहिल्या. "हिच्या हृदयाची झडप लहानपणीच्या तापानं आवळत आलेली होती. माझं करंगळीचं टोक जाईना त्यातून. आणि साहेब, हिच्या पोटात दारू नव्हती. भातबी नव्हता."

साहेब म्हणाले, "ठीक आहे मॅडम, पण आता काय फरक पडतो?"

"हिच्या आईला पडतो. पोरगी बेवडी म्हणून मेली का आजारानं मेली, ते तिला आयुष्यभर ऐकायचंय." आणि बाईंनी त्या आईला, जिला लिहिता वाचता येत नव्हतं, झडप म्हणजे काय ते दोन्ही हातांची ओंजळ उघडून मिटून दाखवलं. मी पोलिसात खूप काही पाहिलं, पण कुणी कातकरणीला असं समजावून सांगताना पाहिलं नव्हतं. मला त्या दिवशी रडू आलं, आणि ते लपवायला मी मोटारसायकलला किक मारत राहिलो.

आता मुख्य गोष्ट. वैशाखऱ्याच्या अलीकडच्या एका गावातला नितेश देसले, वय एकोणीस. पट्टीचा पोहणारा. मित्रांबरोबर नदीच्या डोहात उडी मारली, वर आला, हसला आणि बुडाला. पोरांनी लगेच बाहेर काढला, पण गेलेला होता. गावात कुणाला शंका नव्हती. त्या डोहात साती आसरा, पाण्यातल्या देवता, आहेत, त्यांनी नेला. आमच्या साहेबांनाही शंका नव्हती. पाण्यात मेला, म्हणजे बुडून मेला.

बाईंनी नितेशच्या आईला, जनाबाईला, बाकावर बसवलं. बाजूला बाप बाळाराम आणि त्याचा थोरला भाऊ काशीनाथ उभे. काशीनाथ म्हणजे भावकीचा मोठा, फेटा, मिशा, शब्द खाली पडू द्यायचा नाही असा माणूस. बाईंनी नेहमीचे प्रश्न सुरू केले. जनाबाईने हळूहळू सांगितलं. बाळारामची बहीणपण त्याच डोहात गेली होती, पंधराव्या वर्षी, गोधड्या धुताना. तीपण पोहणारी.

"आसरांनीच नेली," काशीनाथ म्हणाला. "आमच्या घराकडं त्यांची बाकी हाय."

"आणि दुसरं कोण?"

"आमचा एक काका सवताच्या वरातीत गेला. फटाक्याची माळ लावली आन् तो घोड्यावरून खालीच आला. त्याच्यावर करणी व्हती. त्याचा नि ह्याचा काय संबंध?"

मी बाईंचा चेहरा पाहिला आणि मला उगाचच अस्वस्थ वाटलं. पोहणारी पोरगी पाण्यात, नवरदेव फटाक्याच्या आवाजाने, आणि आता पोहणारा पोरगा. घरच्यांनी एकाला आसरांच्या नावावर टाकलं, दुसऱ्याला करणीच्या, आणि वेगवेगळ्या नावांखाली टाकल्यामुळे हे एकाच घरातले आहेत हेच कुणी पाहिलं नव्हतं.

उठता उठता जनाबाई म्हणाली, "आता दीपालीला दहाव्याला डोहात बुड्या घ्यायला लावतील. आसरांचा मान. मना भीती वाटते गो बाय."

दीपाली नितेशची धाकटी बहीण, अकरावीत शिकणारी.

बाई थांबल्या. "कुणी सांगितलं बुड्या घ्यायला?"

काशीनाथ पुढे आला. "आमच्या घरचा नियम हाय. बहीण गेली तवा पुढच्या लेकीनं बुड्या घेतल्या नायत, म्हणून आता पोरगा गेला. ह्या टायमाला चूक नाय करायची."

"त्या पोरीला पाण्यात घालायची नाय."

"तुमी तुमचं कापायचं बघा बाई," काशीनाथ म्हणाला.

बाई आत गेल्या. मी दाराशी उभा होतो. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या तेव्हा चेहरा रागाने तांबडा झाला होता. नितेशचं हृदय नीट होतं. वजन बरोबर, झडपा स्वच्छ, रक्तवाहिन्या मोकळ्या. फुप्फुसात पाणी जुजबी. अंगावर मार नाही. विषाच्या तपासासाठी व्हिसेरा ठेवला, हृदय अख्खं जपून मुंबईला तज्ज्ञांकडे पाठवायचं ठरलं.

"सगळं नीट हाय, तर बुडालाच ना मग?" मी विचारलं.

"सगळं नीट दिसतंय, ह्याचाच मला राग आलाय पष्टे. घरात बल्ब चांगला, मीटर चांगला, आणि तरी अंधार झाला तर काय बघायचं?"

"वायरिंग."

"ते मेल्यावर दिसत नाय. करंट गेल्यावर वायर तपासून काय कळणार? मेलेल्याचा ईसीजी निघत नाय. म्हणून तो जिवंतांचा काढायचा. त्याच्या बापाचा, आईचा, बहिणीचा, त्या मिशीवाल्याचाबी."

साहेबांना त्यांनी लिहून दिलं, मत राखून ठेवलं आहे. साहेब चिडले. "मॅडम, पाण्यात सापडला, बुडाला. शाळेतलं पोरगंसुद्धा सांगेल."

"मग शाळेतल्या पोराची सही घ्या," बाई म्हणाल्या.

बाळाराम आणि काशीनाथ, दोघा भावांना बाईंनी दवाखान्यात बोलावलं, कुणी आलं नाही. सुतकात दवाखाना कसला, असा निरोप आला. तेव्हा बाईंनी ठरवलं, दहाव्याला आपणच जायचं. त्यांचं म्हणणं साधं होतं. आपल्याकडे अख्खी भावकी एका जागी, एकाच वेळी, दहाव्यालाच जमते. लग्नालासुद्धा रुसलेले येत नाहीत, दहाव्याला सगळे येतात. शिबिराला कुणी आलं नसतं, इथे सगळे हजर असणार होते.

मला म्हणाल्या, "पष्टे, वर्दीत या. पण तोंड उघडू नका."

नदीवर विधी चालू होते. पुरुषांची डोकी भादरून झाली होती, पिंड मांडले होते, लोक कावळ्याची वाट बघत होते. बाई गाडीतून उतरल्या, हातात बॅटरीवर चालणारं ईसीजीचं यंत्र. लोकांची कुजबूज सुरू झाली. कापणारी बाई आली, अशी. दहाव्याला डॉक्टर, तीही मढ्यांची. मला वाटलं, आता दगड पडणार. दगडांची तिथे कमतरता नव्हती आणि मी एकटा होतो.

दीपाली हिरवी साडी नेसून डोहाच्या काठाला उभी होती. हातात ओटीचं सूप, खण, नारळ, बांगड्या. चेहरा पांढराफटक. दहा दिवसांपूर्वी भाऊ जिथे बुडाला ते पाणी समोर, आणि मागे तिला ढकलायला तयार असलेलं सगळं गणगोत. बाई सरळ तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

काशीनाथ आडवा आला. "बाई, हे आमचं घरचं हाय. तुमचा मान ठेवतो, पन बाजूला व्हा."

"मी तुमच्या आसरांना वाईट बोल्ले का?"

"नाय."

"त्या नायत, असं बोल्ले का?"

"नाय."

"मग ऐका. ह्या पोरीच्या हृदयात भावासारखाच दोष असंल तर ह्या गार पाण्यात तिसऱ्या बुडीला ती गेली. तुमीच तिला घालवली असं होईल. आसरांना लेक पायजे ना पाण्यात? मीबी हितलीच लेक हाय. आटगावच्या बाजूची. मी जाते."

आणि कुणाला काही कळायच्या आत त्यांनी दीपालीच्या हातातलं सूप घेतलं, गमबूट काढले, साडीचा काचा मारला आणि डोहात उतरल्या. कमरेइतक्या पाण्यात जाऊन त्यांनी सूप पाण्यावर सोडलं, हात जोडले, आणि खरोखरच तीन बुड्या घेतल्या. अंबाडा सुटला. पाणी निथळत वर आल्या तेव्हा सगळ्यांच्या नजरा त्यांच्यावर होत्या. भटजीसुद्धा पिंडांवरचं लक्ष सोडून तोंड उघडं टाकून बघत होता.

एक म्हातारी म्हणाली, "आसरांनी हिला नाय नेली."

"माझं वायरिंग चांगलं हाय, आजी," बाई साडी पिळत म्हणाल्या. "आता पोरीचं बघू द्या."

त्यानंतर जे झालं त्याने मी थक्क झालो. जनाबाई, जी आतापर्यंत तोंडाला पदर लावून बसली होती, उठली. नवऱ्याकडे बघितलं नाही, दिराकडे बघितलं नाही. तिने खांद्यावरची घोंगडी काठावर अंथरली आणि पोरीला म्हणाली, "झोप." बायकांनी आपापली लुगडी धरून आडोसा केला. बाईंनी दीपालीच्या हातापायांना चिमटे लावले, छातीवर बटणं चिकटवली. यंत्रातून कागदाची पट्टी निघायला लागली. मी पाठ करून उभा होतो. आत बाईंनी पट्टी पुन्हा एकदा काढली.

मग त्यांनी बाळारामला बोलावलं. त्याचाही काढला, जनाबाईचाही काढला. काशीनाथ आणि त्याची पोरं, सुना, नातवंडं मात्र लांब उभी राहिली. "आमाला काय झालं नाय," तो म्हणाला.

ओल्या साडीत, दगडावर बसून बाईंनी बाळारामला पट्टी दाखवली. शेतावरची मोटर बंद करून लगेच चालू केली तर काय होतं, असं विचारलं. फ्यूज उडतो, तो म्हणाला. "तुझ्या पोरीचं हृदय ठोका देऊन सावरायला उशीर लावतं. तुझंबी. त्या उशिरात गार पाण्याचा दणका बसला, नायतर फटाका वाजून दचकलं, की उडतो फ्यूज. तुझ्या बहिणीचा तसाच उडाला असावा. काकाचाबी. नितेशचाबी." मग त्यांनी पुढचं सांगितलं. रोज गोळी, पोहणं बंद, मनाने कुठलंही औषध घ्यायचं नाही, मुंबईच्या हृदयाच्या डॉक्टरकडे चिठ्ठी घेऊन जायचं. बाळाराम पट्टी हातात धरून बसून राहिला. मग म्हणाला, "म्हंजी आमी तिला ढकलनारच होतो."

"होतात. पण ढकलली नाय," बाई म्हणाल्या, आणि गमबूट घालायला लागल्या.

गावात पुढे असं पसरलं की डॉक्टरीण बाईंनी ओटी भरली म्हणून आसरा शांत झाल्या. मी चिडून बाईंना हे सांगितलं. त्या मोकळ्या हसल्या. "नाव आसरांचं होऊ द्या की. गोळी चालू हाय ना पोरीची?"

दवाखान्याच्या वरच्या साहेबांकडून मात्र पत्र आलं. मेलेल्यांच्या डॉक्टरने जिवंतांवर, तेही नदीकाठी, तपासण्या करणं नियमात बसत नाही, खुलासा द्यावा. बाईंनी मला ते वाचून दाखवलं आणि उत्तर तिथेच बोलून टाकलं. "मेलेल्यानं मला सांगितलं, घरच्यांना बघ. मी बघितलं." तेच त्यांनी जरा पुस्तकी भाषेत लिहून पाठवलं. नितेशच्या अहवालात बुडून मृत्यू त्यांनी शेवटपर्यंत लिहिलं नाही. तपासात विष निघालं नाही, मुंबईच्या तज्ज्ञांनाही हृदयात काही दिसलं नाही, तेव्हा त्यांनी लिहिलं, पाण्यात असताना हृदयाच्या ठोक्यांच्या आनुवंशिक दोषामुळे मृत्यू झाल्याची दाट शक्यता. 'शक्यता' हा शब्द काढा म्हणून फोन आले, तो त्यांनी काढला नाही. आणि 'बुडून' घाला म्हणूनही आले, तो घातला नाही. जेवढं दिसलं तेवढंच लिहायचं आणि नाही दिसलं तर तसंच लिहायचं, यावरून त्यांना कुणी हलवू शकलं नाही.

मग त्यांची बदली झाली. लांब, दुसऱ्या टोकाच्या जिल्ह्यात. कारण कुणी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही. मला मात्र संताप आला होता, आणि तो अजून गेलेला नाही.

निरोपाच्या दिवशी दवाखान्यात शाल, नारळ, भाषणं असं ठरलं होतं. हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, साहेब येऊन बसले होते. बाई करंजाखाली शेवटचं सामान गाडीत टाकत होत्या. तेवढ्यात एक टेम्पो फाटकातून आत शिरला आणि थेट पोस्टमार्टमच्या खोलीसमोर येऊन थांबला. मला वाटलं, आणखी एक प्रेत आलं. मी सवयीने टोपी काढली.

पण टेम्पोतून दीपाली उतरली. मागे काशीनाथ, त्याचे दोन मुलगे, सुना, कडेवरची लेकरं, वैशाखऱ्याकडच्या चुलत्या, आणि काठीला धरून खाली उतरवलेली एक म्हातारी. पोस्टमार्टमच्या खोलीबाहेर, जिथे मी इतकी वर्षं फक्त रडणारी माणसं पाहिली होती, तिथे धडधाकट माणसांची रांग लागली.

"मॅडम, ह्यांना घेऊन आले," दीपाली म्हणाली. "तुमी जाणार असं कळलं. मंग आता नाय तर कधीच नाय."

हॉलमधून शिपाई धावत आला. "मॅडम, साहेब थांबलेत. हारतुरे वाळायला लागले."

"साहेबांना सांग, थांबा," बाई म्हणाल्या आणि गाडीत टाकलेल्या सामानातून पुन्हा यंत्र शोधायला लागल्या.

काशीनाथ बाकासमोर उभा होता. फेटा काढून हातात धरलेला. डोहाकाठी ज्याने अख्खी भावकी अडवून धरली होती त्या माणसाला आता बाकावर बसायचंही धैर्य होईना. "मना काय झालेलं नाय," तो पुटपुटला. "हिनं आणला म्हणून आलो."

दीपाली त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. खांद्यावर कॉलेजची पिशवी, पाय रोवलेले, आवाज असा की हॉलपर्यंत जावा.

"मोठे बाबा, मलाबी काय झालं नव्हतं. बंडी काढा आन् झोपा."

बाई चिमटे सोडवत खाली मान घालून बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं, दीपालीकडे, आणि तिच्या हातात पहिला चिमटा दिला.